तळघरातला पौष

मिनेसोटात घर बांधायचं तर आधी खड्डा खणावा लागतो. थंडीत इथली जमीन इतकी खोल गोठते की राज्याच्या दक्षिण भागात पाया निदान ४२ इंच आणि उत्तरेकडे ६० इंच खाली न्यावा, असा नियमच आहे. नाहीतर गोठलेली माती फुगते आणि पाया वर उचलते. आता एवढं खणलंच आहे तर आणखी चार फूट खणायला काय जातंय, अशा हिशेबानं घराखाली अख्खा एक मजला मिळतो. त्याला भिंती, छतात दिवे, खाली कार्पेट आणि कोपऱ्यात न्हाणीघर दिलं की घर विकणारी बाई त्याला 'पाहुण्यांचा सूट' म्हणते. ती हे जून महिन्यात म्हणते. जानेवारीत इथे घरं फारशी दाखवत नाहीत, त्यामागे धंद्याचं शहाणपण असावं अशी मला दाट शंका आहे.

गंमत म्हणजे सगळ्या घराला ऊब देणारी फर्नेस याच तळघरात बसलेली असते. गॅस तिथेच जळतो, पंखा तिथेच घरघरतो, आणि पंगतीला गरम वाढून शेवटी स्वतः गार भाकरी खाणाऱ्या बाईसारखं तळघर मात्र कुडकुडत राहतं. थर्मोस्टॅट असतो वरच्या हॉलमध्ये. तिथे ७० फॅरनहाइट झाले की त्याचं समाधान होतं आणि तो फर्नेस बंद करतो. खाली काय चाललंय याची चौकशी करण्याची त्याच्यावर जबाबदारी नाही.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आई-नाना साताऱ्याहून आले ते ऐन डिसेंबरात. नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कुठलंही बांधकाम दिसलं की त्यात दोष काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांची सोय अर्थातच पाहुण्यांच्या सूटमध्ये. पहाटे व्हॉट्सॲपवर पहिलं निवेदन आलं : 'तळघर. हवा कोरडी. तापमान ६१. कानटोपी आवश्यक.'

६१ फॅरनहाइट म्हणजे १६ सेल्सिअस. डिसेंबरातल्या पहाटे साताऱ्यात याहून कमी असतं, हे मी त्यांना दाखवून दिलं.

"साताऱ्यात आठ वाजता ऊन येतं," नाना म्हणाले.

यावर काय बोलणार! तळघराच्या खिडकीबाहेर बर्फाचा ढीग होता आणि एप्रिलशिवाय तो हलणार नव्हता.

माझा नवरा सांत्वनाला आकडेवारी वापरतो. २०१९ च्या ३० जानेवारीला मिनिआपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत गेला होता, आणि १९९६ च्या फेब्रुवारीत उत्तरेला टॉवर गावाजवळ उणे ६०, जो आजही राज्याचा विक्रम आहे, असं त्यानं नानांना उत्साहानं सांगितलं. "म्हणजे जावईबापू, अजून बराच वाव आहे म्हणायचा," एवढं बोलून नानांनी दुसरा स्वेटर चढवला.

वरच्या मजल्यावर वेगळाच प्रकार होता. बाळंतिणीला गार वारा लागू नये म्हणून आईनं थर्मोस्टॅट ७६ वर नेऊन ठेवलेला, वर डिंकाचे लाडू, वर बाळंतकाढा. मी घामाघूम. शेकशेगडीची खरी गरज होती खालच्या नानांना. त्यांनी तशी मागणीही केली, चक्क निखाऱ्यांच्या शेगडीची. बंद घरात निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याचा अलार्म इथे झोपायच्या खोल्यांजवळ कायद्यानंच लावावा लागतो, हे समजावताना नवऱ्याचा घसा बसला.

पण एवढ्यानं तळघर का तापेना? नानांनी निदान केलं. खालच्या गरम हवेची तोंडं सगळी छतात. गरम हवा छतातून येते, छतालाच चिकटून बसते आणि जिन्यानं वर पळते. जमिनीलगतची गार हवा ओढून परत नेणारी जाळी मात्र बांधणाऱ्यानं बसवलेलीच नाही. "डोक्याला ताप आणि पायाला बर्फ," नानांनी शेरा मारला. "आमच्या खात्यात याचं बिल मंजूर झालं नसतं." (झालं असतं. पण आजारी माणसाशी आणि निवृत्त इंजिनिअरशी वाद घालू नये.)

नवऱ्यानं आधुनिक उपाय काढला. थर्मोस्टॅटशी बोलणारा एक चिमुकला सेन्सर आणून त्यानं तळघरात ठेवला. आता नाना ज्या तापमानात बसतील त्यावर फर्नेस चालणार. चाललीही. खाली ६८ व्हायला वर ८० झाले, केळी दोन दिवसांत काळी पडली आणि आईनंच उन्हाळ्यातल्यासारखं पन्हं करू का विचारलं. सेन्सर सध्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग स्पेस हीटर. या वस्तूच्या जाहिराती वाचण्यासारख्या असतात. एकात म्हणे इन्फ्रारेड, दुसऱ्यात सिरॅमिक, तिसऱ्यात खोट्या लाकडांची खोटी ज्योत. किंमत ३० डॉलरपासून ३०० पर्यंत, आणि सगळ्यांच्या बुडाशी बारीक अक्षरात एकच आकडा : १५०० वॅट. इथल्या १२० व्होल्टच्या साध्या प्लगमधून याहून जास्त ओढूच देत नाहीत. १५०० वॅट विजेची उष्णता होते १५०० वॅटच, ज्योत खोटी असो की खरी. तो हीटर एकटाच साडेबारा अँपिअर खातो आणि सर्किट असतं १५ चं. म्हणजे नानांनी त्याच खोलीत चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की अंधार. ऊब हवी की चहा, असा प्रश्न साताऱ्याच्या माणसाला विचारणं क्रूरपणा आहे. नाना चहा निवडत आणि अंधारात पीत.

एक अस्सल शोध मात्र नानांनीच लावला. गरम हवा घराच्या माथ्यातून निसटते, तेव्हा तिच्या जागी गार हवा पायथ्याकडून आत खेचली जाते. ती शिरते कुठून? ऊर्जा तपासणारे लोक दाराला मोठा पंखा लावून, धूर सोडून फटी शोधतात आणि फी घेतात. नानांनी देवघरातली उदबत्ती उचलली आणि स्टुलावर चढून तळघराच्या भिंतींच्या माथ्याशी फिरवली. काँक्रीटची भिंत संपून वरचं लाकडी घर सुरू होतं, त्या सांध्याशी धूर सरळ वर जायचा सोडून झपकन आडवा झाला. पुढच्या कोपऱ्यात पुन्हा तेच. एवढ्यात स्मोक अलार्म कोकलला, बाळ उठलं, आणि शेजारचे आजोबा फावडं घेऊन धावत आले. पण रोग सापडला होता. शनिवारभर सासरा-जावयांनी त्या सांध्यात फोमच्या पाट्या कापून बसवल्या आणि कडा फवाऱ्यानं बुजवल्या. तळघर चार अंशांनी सुधारलं. आमच्याकडच्या सगळ्या उपायांत पैसे वसूल झालेला उपाय हा एकच.

जमिनीचं मात्र काही करता येईना. इथल्या खोल मातीचं तापमान बारा महिने नऊ-दहा सेल्सिअसच्या आसपास असतं आणि काँक्रीटची लादी थेट तिच्यावर टेकलेली. "बाहेर उणे पंचवीस असताना माती अधिक दहा आहे नाना, ती आपल्याला गरमच ठेवते," असं मी म्हणून पाहिलं. "मग मला पुरूनच टाका," नाना म्हणाले, आणि आईनं आणलेली वाकळ कार्पेटवर अंथरून तीवर पाय ठेवून बसले.

याच सुमारास इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या एकांकिकेच्या तालमी आमच्याकडे सुरू झाल्या. आमच्या गावच्या मराठी रंगभूमीचं माहेर बेसमेंटच आहे. वर पोरं झोपतात, खाली ओरडायला मुभा. पहिल्या रात्री नायिका नऊवारीवर पिसांचं जाकीट घालून आली. प्रेमप्रसंग हीटरजवळच घ्यावा असा नायकाचा आग्रह होता आणि खलनायकाला तिकडची जागा हवी होती. तासाभरात मात्र जाकिटं उतरली, खिडकीच्या काचांना घाम फुटला आणि नानांनी या हिवाळ्यात प्रथमच कानटोपी काढली. हीटर तर कधीच बंद पडला होता, कुणीतरी किटली लावली होती.

हिशेब नवऱ्यानं मांडला. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा पंधरा मराठी माणसं बरोबर एक स्पेस हीटर. भांडू लागली की त्याहून जास्त, आणि पात्रवाटपावरून ती भांडतातच. शिवाय सर्किट उडत नाही. तेव्हापासून आमची एकांकिका दर आठवड्याला वाढते आहे. मूळ संहितेत पाच पात्रं होती, नानांनी त्यात एक मोर्चा घुसवला आहे.

तरी पाऊस-बर्फाची सबब न सांगता शुक्रवारी संध्याकाळी तालमीला जरूर या. मोर्चात अजून जागा आहेत. अभिनय यायलाच हवा असं नाही, अंगानं भरलेल्यांना प्राधान्य. मोजे दोन जोड आणा, चहा आम्ही देऊ, पण किटलीला हात लावू नका.