वाजवून बघू दे की!

"लाल टिकली लावली म्हणजे काय, लग्न ठरलं?"

काकूंनी हे भिंतीपलीकडून विचारलं तेव्हा त्यांच्या हातात कढीपत्त्याची फांदी होती. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच. तिच्यावर त्यांच्या बाजूला कुंड्या आणि माझ्या बाजूला माझी कोपरं, ही गेल्या १८ वर्षांची व्यवस्था. सकाळचं दूध आत गेलं की पेपर येईपर्यंत आम्ही तिथंच सापडतो.

"लग्नच म्हणा," मी म्हटलं. "भांडं विकलं गेलं की शेजारी लाल टिकली चिकटवतात. मग दुसऱ्या कुणी विचारायचं नाही."

"आणि तुझ्या वाडग्याला?"

"नाही लागली अजून."

"बघायला आलेल्यांनी पोहे खाल्ले आणि गेले म्हण की."

प्रकरण असं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो जुना बंगला आहे, त्याच्या गॅरेजात चार वर्षांपूर्वी कुंभारकामाची विजेवरची चाकं आली. आधी दोन, मग सहा. मागच्या न्हाणीघराच्या जागी विजेची भट्टी बसली. गल्लीतले आणि आजूबाजूचे आम्ही पंधरा-वीस जण वर्गणी भरून तिथं माती मळतो. पुढच्या खोलीला पांढरा रंग देऊन फळ्या ठोकल्या आहेत. तिला गॅलरी म्हणायचं असं ठरलंय. वर्षातून तीनदा तिथं प्रदर्शन भरतं. या वेळचं गुरुवारी उघडलं, आणि माझा निळा वाडगा तिसऱ्या फळीवर डावीकडे बसला.

"किंमत काय लावलीस?"

"१४०० रुपये."

कढीपत्त्याची पानं ओरबाडणं थांबलं. "माठवाला २५० रुपयांत माठ देतो. अख्खं घर पाणी पितं त्यातलं. तुझ्या वाडग्यात काय मावतं?"

"दही."

"किती जणांचं?"

"दोघांचं."

आता इथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण मी समजावायला गेले. म्हटलं, काकू, ही माती वेगळी. स्टोनवेअर. ओली असताना केलेला वाडगा वाळून, भाजून बाहेर येईपर्यंत शेकडा १२ तरी आटतो, म्हणजे मोठा करायचा आणि लहान मिळायचा. आधी १००० अंशांपर्यंत एकदा भाजायचा. मग ग्लेझ, म्हणजे झिलई, लावून १२२० अंशांपर्यंत पुन्हा. मग भट्टी बंद करून एक पूर्ण दिवस वाट बघायची. उतावीळपणे दार उघडलं की गार हवा लागून टणकन चीर जाते. चारातलं एक फुटतं.

"कुंभाराची फुटत नाहीत वाटतं?"

"फुटतात. पण तो एकदाच भाजतो, आणि त्याचा आवा सात-आठशे अंशांच्या आसपास. म्हणून मडकं सच्छिद्र राहतं. पाणी अंगातून पाझरतं, पाझरलेलं वाऱ्यावर उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आमच्या भट्टीत माती काचेसारखी आवळते. थेंब पाझरत नाही."

"म्हणजे पाणी गार होत नाही."

"नाही."

"१४०० रुपयांत."

मी विषय बदलला. काकूंच्या फडताळात सासूबाईंच्या वेळची पांढऱ्या पोटाची, तपकिरी गळ्याची लोणच्याची बरणी आहे. ती याच जातीची, असं सांगितलं. तेवढ्यानं त्यांचा आवाज जरा उतरला. झिलईत शिसं असेल आणि ती नीट भाजली नसेल, तर आंबट पदार्थात ते उतरतं, म्हणून लोणच्यासाठी भांडं घेताना करणाऱ्याला विचारून घ्यावं, हेही सांगितलं. आम्ही शिसं वापरतच नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तू बरणीच का नाही केलीस?"

"झाकण बसत नाही."

हे मात्र खरं आहे. बरणी एकीकडे आटते, झाकण दुसरीकडे, आणि भट्टीतून दोन अनोळखी माणसं बाहेर येतात.

मग अर्थातच इतरांची चौकशी निघाली. कोपऱ्यावरच्या वहिनींच्या फुलदाणीचं ग्लेझ ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं होतं; छिन्नीनं सोडवलं, बुडाचा टवका उडाला. त्यांनी न डगमगता चिठ्ठी लिहिली, 'प्रवाह', आणि पहिल्या तासात टिकली लागली! बँकेतून निवृत्त झालेले साहेब (काकू त्यांना मॅनेजर म्हणतात, ते होते की नव्हते कोण जाणे) गेली दोन वर्षं 'अस्तित्व' नावाची उंच उभी नळकांडी करताहेत. 'अस्तित्व १', 'अस्तित्व २'. या वेळचं 'अस्तित्व ५' आहे, साडेसहा हजार, तेही गेलं.

"त्यात काय ठेवायचं?"

"काही नाही. बघायचं."

"आणि कुंभार आहे का गं कुणी तुमच्यात?"

नाही. एकही नाही. आमच्यात दोन डॉक्टर आहेत, एक वकील आहे, आयटीतले पाच आहेत. मुंढव्याला, केशवनगरात कुंभारांची घरं आहेत, दिवाळीच्या पणत्या तिथूनच येतात. त्यांना कुणी बोलवावं हे चार वर्षांत आमच्या डोक्यात आलं नाही. भाईंदरला मातीची भांडी करणाऱ्या ब्रह्मदेव पंडितांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, ते मूळचे बिहारच्या कुंभाराच्या घरातलेच, हे मी घाईघाईनं काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते भाईंदरला. तुझ्या गॅरेजात कोण आहे ते विचारतेय मी."

मी शेवटचा प्रयत्न केला. रविवारी या बघायला, फक्त दारातच पाटी आहे, 'कृपया कलाकृतींना हात लावू नये', तेवढं सांभाळा.

"हात लावायचा नाही?" काकूंनी फांदी कुंडीवर ठेवली. "मग भांडं घ्यायचं कसं?"

काकूंचं माहेर तेरजवळचं. गोरोबाकाकांचं तेर. त्या गावच्या बाईला मडक्याला हात लावू नका म्हणणं म्हणजे वारकऱ्याला टाळ वाजवू नका म्हणण्यासारखं. काकूंनी मग ती गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली, मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाला, आणि गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याच्यानं कळतं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं. सगळे निमूट बसले, नामदेव तेवढे कुरकुरले, आणि कच्चं मडकं ठरले.

"पण थापटण्याचं खरं काम ते नाही," काकू म्हणाल्या. "चाकावरून मडकं उतरतं ते जाड असतं. आतून दगडाचा गुंडा धरायचा आणि बाहेरून थापटत फुगवायचं. माती दाबली जाते. बुडाला चाकावर भोक राहतं, तेही थापटूनच मिटतं. मी तासन्तास बघत बसायचे. आणि विकत घेताना आई बोटाचा पेर मारायची. खणखणीत बोललं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवायचं. डोळ्यांना चीर दिसत नाही, कानाला दिसते."

हे ऐकून मला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आठवलं. आमची सगळी टोळी गेल्या पावसाळ्यात तिथं जोर्व्याची भांडी बघायला गेली होती. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे आहे. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथं खोदलं तेव्हा जी भांडी निघाली, त्यांना जोर्वे भांडी हेच नाव पडलं. लाल अंग, वर काळ्या रेघा, लांब तोटी. तीन हजार वर्षांपूर्वीची, आणि इतकी नीट भाजलेली की वाजवली तर धातूसारखी खणकतात, असं अभ्यासक लिहितात. म्हणजे त्यांनीही पेर मारूनच बघितलं असणार! आम्ही काचेतून बघितलं.

घोडनदीच्या काठी इनामगावातही हीच भांडी निघाली. तिथं लहान मूल गेलं की दोन कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून, त्यात ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मी हे सहज बोलून गेले. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"लांब नाही नेलं म्हणायचं लेकरांना," त्या म्हणाल्या, आणि कढीपत्ता घेऊन आत गेल्या.

रविवारी ११ वाजता त्या आल्या. नऊवारी नव्हे, साधी वायलची साडी, पण पाटल्या घातलेल्या. दारातली पाटी मी बोटानं दाखवली. "वाचून दाखव," म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला." मी वाचून दाखवली. "बरं," म्हणाल्या, आणि पहिल्या फळीवरच्या कपाला पेर मारला.

टिंग.

गॅलरी सांभाळणाऱ्या बाई उठल्या. मी मध्ये उभी राहिले. काकू फळीच्या कडेनं चालत गेल्या आणि प्रत्येकाला एकेक पेर. कप टिंग, ताटली टण्ण, 'प्रवाह' उडालेल्या टवक्यासकट खणखणीत. चार-पाच पाहुणे होते, तेही मागून यायला लागले. एका लहान मुलानं पेर मारला तेव्हा त्याची आई ओरडली, मग तिनंच मारला. मॅनेजरसाहेब कौतुकानं बघत होते, म्हणाले, आजी, आमच्याही कामाचा नाद ऐका.

काकूंनी 'अस्तित्व ५' ला पेर मारला.

बद्द.

पुन्हा मारला. बद्द. "चीर आहे हो याला," काकू म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, हे मला सांगायलाच हवं. साहेबांनी नळकांडं उचलून उलटं केलं. बुडाच्या मधोमध केसाएवढी, इंग्रजी एससारखी वळलेली चीर. चाकावर बूड दाबून घेतलं नाही, किंवा आत पाणी साचू दिलं, की हमखास येते. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट. लाल टिकली शेजारी होतीच.

साहेबांचं मात्र मानलं पाहिजे. नामदेवांसारखं कुरकुरले नाहीत. खिशातून फोन काढला, ज्यांनी घेतलं होतं त्यांना लावला आणि पैसे परत करतो म्हणाले. टिकली स्वतःच्या नखानं सोलून काढली.

सोमवारी सकाळी भिंतीवर काकूंच्या आधी मी हजर.

"माझ्या वाडग्याबद्दल काहीच बोलला नाहीत काल."

"सगळ्यांसमोर कशाला."

"कच्चा आहे?"

"भाजलाय चांगला. आवाज आहे." काकूंनी कुंडीतलं तण उपटलं. "बूड जड आहे."

"वाडग्याचं?"

"वाडग्याचं. तुझं मी काढलं नाही."

प्रदर्शन येत्या रविवारपर्यंत आहे, सकाळी १० ते संध्याकाळी ७. निळा वाडगा तिसऱ्या फळीवर डावीकडे, १२०० ला देऊन टाकेन. पाटी अजून दारातच आहे, तेव्हा येताना चष्मा घरी ठेवून या.