मागील पानावरून पुढे

सोसायटी डोंबिवलीची असो की कोथरूडची, तिथे एक नाना असतातच. बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं: जमेला निळं, नावे टाकायला लाल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की नाना भिंतीवरचं कालनिर्णय उतरवतात आणि सरत्या वर्षाचा ताळेबंद मांडायला बसतात. दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा यांच्या अधेमधे वर्षभराची सुखदुःखं मुंगीच्या अक्षरात टिपलेली असतात.

'उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला' जमा. 'त्यामुळे घरातली जळमटं दिसू लागली' नावे. मुलाला बढती मिळाली, जमा. म्हणून त्याचं दिवाळीला येणं रद्द झालं, नावे. मेहुणे राहायला आले ते नावे, गेले ते जमा, जाताना छत्री घेऊन गेले ती येणे बाकी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मंजूर झाला, ही नोंद मात्र दर वर्षी निळ्या पेनाने दोनदा गिरवलेली. मशीनवर नानांचा अंगठा काही केल्या उमटत नाही. तो उमटला की वर्ष सार्थकी लागलं, असं त्यांचं मत आहे.

सकाळी फिरायला बरोबर येणारे शेजारी श्रावणात गेले. ती नोंद त्यांनी उचंत खात्यात ठेवलीय. बँकेत कुठे धरायची ते न कळलेली रक्कम तिथेच पडून असायची. मी विचारलं, तर म्हणाले, ''राहू दे. लागेल कधीतरी हिशोब.'' आणि लगेच पाणीपट्टीवर घसरले.

एवढं करून बेरीज लाल आली, तरी नाना डगमगत नाहीत. पेनाला टोपण लावतात आणि जाहीर करतात, ''एकतीस डिसेंबर हे साहेबाचं वर्ष. आपलं पाडव्याला.'' पाडव्याला कडुलिंब चावता चावता पुन्हा तोटाच निघाला, तर खरं क्लोजिंग ३१ मार्चचं ठरतं. तिथेही जमलं नाही की त्यांना एकदम व्यापारी परंपरा आठवते: पेढीवरच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतात, तोवर घाई कशाला? नानांनी उभ्या आयुष्यात रद्दीखेरीज काही विकलेलं नाही, पण विक्रम संवतावर त्यांचा हक्क आहे. आणि दिवाळी सरली की डिसेंबर काय, आलाच! इतकी वर्षं हाताशी असलेल्या माणसाचं दिवाळं निघणं कठीणच.

२०२३ साली तर अधिक श्रावण आला आणि पाडव्याचं वर्ष तेरा महिन्यांचं झालं. तूट भरून काढायला आख्खा महिना फुकटात! नाना महिनाभर हरखून होते. मग नानींनी आठवण करून दिली की हा धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायला हवं. तेहेतीस अनारसे आणि चांदीचं ताट. त्या पानावर लाल शाई मागच्या बाजूला फुटलीय.

नानींचं खातं तोंडी. त्यात खोडाखोड नाही आणि त्याला मुदतही नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चात माथेरानला जायचं ठरलं होतं. बँकेत क्लोजिंगच्या रात्री काही रुपयांचा फरक निघाला, तो सापडेपर्यंत रजा रद्द झाली आणि माथेरान राहिलं. ती बाकी नानी दर वर्षी बिनचूक पुढे ओढतात.

यंदाही नाना जमा-नावे जुळवत बसले होते. नानी गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, ''अहो, आणि माझं माथेरान?''

नानांनी मान वर न करता सांगितलं, ''जाऊ गं. हे वर्ष संपलं की नक्की.''

''कुठलं?''

नाना लाल पेन शोधू लागले.