घासलेल्या टायरवर नवी नक्षी कोरणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

आपले नाव आणि दुकानाचा पत्ता या पत्रात घालत नाही. हा धंदा करणारे आपण एकटेच आहात, असे समजण्याइतका मी भोळा नाही. ज्याला ज्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते आपलेच समजावे.

माझ्या भाच्याने त्याच्या एक्सपल्स बाइकसाठी आपल्याकडून मागचा बटण टायर, म्हणजे उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर, घेतला. 120/80-18, माप बरोबर. “नवाच आहे, गोडाऊनला पडून होता,” असे म्हणत आपण तो बसवूनही दिलात. पावसाळा लागला आणि उक्षी गावाकडच्या सड्यावर ओल्या चढाला मागचे चाक जागच्या जागी गरगरले, गाडी आडवी झाली आणि पोराचे मनगट मोडले. टायर उतरवून पाहिला तेव्हा आपले हस्तकौशल्य उजेडात आले.

वरचे काळे पॉलिश फडक्याने पुसून काढले. बटणांमधल्या खाचांच्या तळाशी झीज दाखवणारी रबराची छोटी आडवी पट्टी असते. दुचाकीच्या टायरमध्ये ती 0.8 मिलिमीटर उंच असते आणि नक्षी तिच्यापर्यंत घासली की टायर बदलायचा. आपल्या तापलेल्या पात्याने ती पट्टीच मधोमध चिरली होती. साच्यातून निघालेली खाच सगळीकडे सारखी असते. आपली एकीकडे खोल, दुसरीकडे उथळ. एका ठिकाणी तर आतला नायलॉनचा धागा उघडा पडला होता. आणि बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे होते: 2319. म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पॉलिश सगळीकडे फासलेत, पण हे आकडे पुसायचे राहून गेले.

आपण रत्नागिरीत दुकान चालवता, म्हणजे इथली जमीन आपल्याला सांगायला नको. जांभा कोरडा असताना कानशीसारखा रबर खातो. जून ते सप्टेंबर इथे 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच कातळावर शेवाळ धरते. पाखाडीच्या कडेला, वहाळाच्या उतारावर लाल चिखल चाकाला चिकटतो. अशा वाटेवर पुढचे चाक दिशा देते, पण इंजिनाचा सगळा जोर आणि बहुतेक वजन मागच्या टायरवर येते. म्हणून तो आधी झिजतो. त्याच गाडीने हायवेवर रोजचे जाणे-येणे असेल तर मधली बटणे लवकर सपाट होतात, कडेची उभी राहतात आणि वळणावर गाडी झोक खाते. बटणांच्या कडा बोथट झाल्या की ती मातीत रुततच नाहीत. खाचा उथळ झाल्या की चिखल बाहेर फेकला जात नाही, त्यातच भरून राहतो आणि अख्खा टायर गुळगुळीत होतो.

खाच पुन्हा खोल केली की हे सगळे परत मिळते, असा आपला समज असेल, तर तो चुकीचा आहे. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते, बटणांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. कडक रबर ओल्या कातळाला धरत नाही. पात्याने त्याचे वय कमी होत नाही. उलट खाच खोल करताना आपण कापता ते धाग्यांवरचे संरक्षणच. मग तिथून पाणी शिरते, दगडाचा मार थेट धाग्यांवर बसतो. खाचा पुन्हा पाडण्याची सोय ट्रक-बसच्या काही टायरांना असते. त्यासाठी तळाशी जादा रबर ठेवलेले असते आणि तसे टायरवर छापलेले असते. बाइकच्या या टायरवर तसे काही छापलेले नव्हते. त्यावर आयएसआयचा शिक्का होता. आपल्या पात्याला तो शिक्का कुणी दिला?

जुना टायर विकणे हा गुन्हा नाही. जुना म्हणून सांगा, जुन्याची किंमत घ्या, गिऱ्हाईक त्याचे तो ठरवेल. पण जुना किंवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून विकणे, याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. आपण बिल देण्याचे टाळलेत, त्याअर्थी हे आपल्यालाही ठाऊक असावे. ज्या पोरांकडे पैसे कमी आहेत, तीच आपल्याकडे स्वस्तातला टायर घ्यायला येतात. त्यांच्या हाडांवर नफा कमावणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे आहे. ते पाते मोडून टाका. पंक्चर काढा, ट्यूब बदला, हवा भरा. रत्नागिरीत या कामाला कमी नाही आणि त्यात लाजही नाही.

आता दोन शब्द टायर घ्यायला निघालेल्यांसाठी. टायर गाडीला चढण्याआधी तो हातात घ्या. चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. खाचेत बोट घालून झिजेची पट्टी अखंड आहे का ते चाचपा. बटणावर नख दाबून पाहा. रबर दगडासारखे लागले तर तो टायर परत ठेवा. पक्के बिल मागा आणि त्यावर ते चार आकडे लिहून घ्या. फसवणूक झालीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही आमची तक्रार टायरसकट घेऊन जाणार आहोत. तुम्हीही गप्प बसू नका.