दारावरच्या बाईंना अनावृत पत्र

प्रति,
दारावरच्या बाई,
महिला स्वच्छतागृह (बाळासह),
पुणे-कोल्हापूर महामार्ग, कराडच्या अलीकडे.

स. न. वि. वि.

आपल्या नावाआधी सौ. लिहावं की श्रीमती, यावर बराच विचार केला. आपले यजमान म्हणता येतील असे एक गृहस्थ शेजारच्या दारावर दिसतात, पण ते वेगळ्या चौकटीत राहतात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा नुसतं 'बाई' म्हणतो. राग मानू नये. अर्थात, राग मानायला तुम्हाला चेहरा कुठे दिलाय? मानेवर नुसता एक गोळा आहे.

ओळख पटवून देतो. मागच्या महिन्यात, एका शनिवारी, दुपारी पावणेदोनला तुमच्या दारासमोर एक इसम उभा होता. डाव्या काखेत दीड वर्षांचा मुलगा, उजव्या हाताला पाच वर्षांची मुलगी, खांद्यावर हत्तीचं चित्र असलेली पिशवी आणि दातात कोरा डायपर. तो मी. अशा पत्रांना अनावृत पत्र म्हणतात. त्या दिवशी माझा मुलगाही कमरेखाली बराचसा अनावृतच होता.

बायकोचं ऑफिसचं प्रशिक्षण नागपूरला होतं आणि कोल्हापूरला मामेबहिणीचं लग्न. कुणीतरी जायलाच हवं होतं. मी दोघांना घेऊन स्वारगेटहून एसटीत बसलो. खंबाटकीच्या वळणांवर धाकट्याचा चेहरा गंभीर झाला. साताऱ्यापर्यंत तो लाल झाला. पुढचं सगळ्या बसला कळलं. हॉटेलावर गाडी थांबली, कंडक्टरनं "पंधरा मिनिटं!" अशी आरोळी दिली आणि मी उतरून धावलो. अर्थातच तुमच्या शेजाऱ्यांच्या दारात.

बाई, तुम्ही आत कधी गेला नसाल, म्हणून सांगतो. तिथे आठ मुताऱ्या आहेत, प्रत्येकीत पांढऱ्या डांबरगोळ्या आहेत. हात वाळवायचं यंत्र आहे, ते चालूही आहे. भलामोठा आरसा आहे. पुरुषानं मोकळं व्हावं, भांग पाडावा आणि निघावं, एवढा सगळा विचार केलेला आहे. नाही ती फक्त एक सपाट, कोरडी, दोन वितींची जागा, जिथे बाळ आडवं ठेवता येईल. बेसिनच्या कट्ट्यावर पाण्याचं तळं होतं. फरशीबद्दल लिहीत नाही, हे पत्र लोक जेवताना वाचत असतील. मी काही क्षण हात वाळवायच्या यंत्राकडेही आशेनं पाहिलं.

तेवढ्यात थोरलीनं खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, हे सगळे काका भिंतीकडे तोंड करून का उभेत? त्यांना शिक्षा केलीय?"

आठ पाठी एकदम ताठ झाल्या. मग तिनं जाहीर केलं, "मलापण शू आलीय."

लांडगा, शेळी आणि गवताचा भारा एका होडीतून पलीकडे कसा न्यायचा, हे कोडं आपण लहानपणी सोडवलं. ते ज्यानं रचलं तो नक्की दोन मुलांचा बाप असणार. मुलीला बायकांच्या बाजूला एकटीला सोडता येत नाही. मुलाला कुणाच्या हातात द्यावं अशा स्थितीत तो नव्हता. आणि माझ्याकडे होडीही नव्हती, कंडक्टरची पंधरा मिनिटं होती. त्यातली सहा गेली होती.

बाहेर आलो तेव्हा तुम्ही दिसलात. तुमच्यासमोर टेबल, टेबलावर बाळ, तुम्ही त्याच्यावर वाकलेल्या. खाली बाण. बाण तुमच्या दाराच्या आत वळलेला. म्हणजे टेबल होतं! माझ्यापासून आठ फुटांवर, एका भिंतीपलीकडे, कोरडं आणि सपाट. ते फक्त बाईला मिळणार होतं.

दारात स्टुलावर एक मावशी बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, लेडीज हाय हे."

"मावशी, बाळाचं बदलायचंय. टेबल आत आहे."

"आई कुठाय त्याची?"

"नागपूरला."

"आँ?"

बाई, त्या 'आँ'मध्ये जे होतं, ते कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला दोनशे पानांत मांडता येणार नाही. ही पोरं मी कुठूनतरी उचलून आणली असावीत, इथपासून ती नागपूरची बाई कसली असेल, इथपर्यंत सगळं त्यात होतं. मी डायपर दातातून काढून समजावू लागलो: दीड वर्षात असे शेकडो बदललेत, हात सराईत आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आत कुणी नसेल तेव्हा जातो. आत कुणी ना कुणी होतंच, आणि त्या बायकांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी मावशींनी सुस्कारा सोडला, पदर खोचला, माझ्या काखेतून मुलगा घेतला, मुलीचं बोट धरलं आणि दोघांना आत नेलं. माझ्या मुलाचा डायपर एका अनोळखी बाईनं बदलला. कारण ती बाई होती आणि मी नुसता बाप होतो.

मी बाहेर उभा राहिलो, दोन्ही हात खाली सोडून, रिकाम्या हातांनी. समोरच्या काचेत बघितलं तर हुबेहूब तुमच्या दारशेजाऱ्यांसारखा दिसत होतो. आणि नेमकं त्याच वेळी, मी काहीही करत नसताना, आमच्या बसमधले एक काका रुमालानं हात पुसत आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं तुम्हाला! हल्लीचे बाप खरंच किती करतात हो!"

आता तक्रारी. बारीकसारीक आहेत त्या आधी उरकतो. धाकट्याच्या लसींची नोंद ज्या कार्डावर होते त्याचं नाव 'माता व बाल संरक्षण कार्ड'. पित्याचं संरक्षण त्याचं त्यानं बघावं. थोरलीच्या शाळेतून येणारा प्रत्येक निरोप 'प्रिय मातांनो' असा सुरू होतो, मग वर्गणी मागताना मात्र 'पालकांनो' होतो. डॉक्टरांना ताप मी सांगतो आणि ते "मॅडमना फोन लावा बरं" म्हणतात.

रजेचं थोडं सविस्तर सांगतो. मूळ प्रसूती लाभ कायदा १९६१चा. २०१७मध्ये दुरुस्ती होऊन बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळाले. मिळायलाच हवेत, तेही कमीच आहेत. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी पाळणाघराची सोय आली आणि आईनं दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही. बाप त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर काम करत असला तरी त्याची आठवण कायद्याला झाली नाही. केंद्र सरकारी नोकर असेल तर बापाला १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत कायद्यानं एकही दिवस नाही, जे मिळेल ते मालकाच्या मर्जीनं. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. सरकारी बापानं जन्मापासून रजा घेतली तर बाळाचं नाव पाठ करायला त्याला तीन दिवस मिळतात. मला एकूणच तीन मिळाले. मी बारशाला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो, पाहुण्यासारखा.

पण हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. सोसवत नाही तो तो बाण.

एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष असतात. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दूध पाजायचं काम निसर्गानं मला दिलेलं नाही आणि पाजणाऱ्या बाईला आडोसा हवाच. पण डायपर बदलायला कुठला खास अवयव लागतो, बाई? दोन हात लागतात. तेवढे मला आहेत. तुमच्या दारशेजाऱ्यांनाही आहेत, चित्रात स्पष्ट दिसतात. मग ते टेबल भिंतीच्या याच बाजूला का ठोकलं? ज्यानं आराखडा काढला, ज्यानं तो मंजूर केला, ज्यानं खिळे मारले, त्यातल्या एकाच्याही मनात 'बापाबरोबर बाळ आलं तर?' हा प्रश्न आला नाही? अहो, कुत्र्यांना बाहेर बांधायला तिथे लोखंडी कडी आहे! कुत्रा घेऊन पुरुष येऊ शकतो हे सुचलं, मूल घेऊन येऊ शकतो हे नाही सुचलं! आणि मग हीच माणसं उद्या व्याख्यानात विचारणार, पुरुष घरातल्या कामात पुढे का येत नाहीत. येतात हो. दारात अडवलं जातं त्यांना. त्यातले निम्मे बिचारे, आणि उरलेले निम्मे मनातून खूश होऊन, मागे फिरतात.

त्या खूश होणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. मी त्यातलाच होतो.

म्हणजे असं, की थोरली लहान होती तेव्हाही आम्ही याच रस्त्यानं जायचो. बायको पिशवी उचलायची, पोरगी उचलायची आणि तुमच्या दाराआड जायची. मी बाहेर चहा प्यायचो, फोन बघायचो. आत टेबल आहे की नाही, मला माहीतही नव्हतं. बऱ्याच ठिकाणी नव्हतंच. मग ती मांडीवर, कमोडच्या झाकणावर, कुठे उभ्याउभ्या, एका हातानं पोरीला धरून बदलायची, हे तिनं मला नंतर, नागपूरहून फोनवर, हसत हसत सांगितलं. तिला कुणी पाठीवर थाप मारून "मानलं तुम्हाला" म्हटलं नाही. आणि तिला कधीही, एकदाही, कुणी विचारलं नाही: "बाबा कुठाय तिचा?"

त्यामुळे बाई, तुमच्याशी भांडायला बसलो आणि हात थांबला.

तुमचं मूळ शोधलं. १९७४ साली अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी ३४ चित्रखुणांचा एक संच केला गेला. स्वच्छतागृहाच्या दारावरचे ते गोल डोक्याचे बाईबुवा त्यातले. तुम्ही त्याच घराण्यातल्या दिसता. तो तिकोनी झगाही तिकडचाच, कराडकडे तसा कुणी घालत नाही. पन्नास वर्षांत बुवांनी काही केलं नाही, नुसते उभे आहेत. तुमच्यासमोर मात्र कुणीतरी टेबल आणून ठेवलं, त्यावर मूल ठेवलं आणि तुम्हाला कायमचं वाकवलं. पाठ सरळ करायची सोय नाही. चहा प्यायला बाहेर जायची सोय नाही. मला त्या दारातून आत येऊ दिलं नाही, हे खरं. पण तुम्हालाही त्या चौकटीतून बाहेर येऊ दिलं नाहीच की! तुमची कंबर दुखते का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या शनिवारी मला फक्त पंधरा मिनिटं अडचण झाली.

तुमच्या माहेरी, म्हणे, थोडी हालचाल आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये तिकडे कायदा झाला, की केंद्र सरकारच्या इमारतींतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत बाळाचे कपडे बदलायची सोय बायकांकडे हवी आणि पुरुषांकडेही हवी. आपल्याकडेही काही घडत नाही असं नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आमचा धाकटा त्यानंतरचा. त्याचं नाव लिहिताना आधी ती येते, मग मी. मला ते फार आवडतं. ती कागदावर आली, हे उत्तम झालं. आता मला दारावर येऊ द्या, एवढंच मागणं आहे. चित्र बदलायचा खर्चही नको. ते टेबल उचला आणि दोन दारांच्या मधल्या बोळात ठोका. तिथे पाटी लावा: 'बाळ'. ज्याच्या हातात बाळ असेल तो येईल.

तोवर तुम्ही दोन मिनिटं कंबर सरळ करा. बाळाला मी धरतो. हात रिकामेच आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन मुलांचा बाप

ता. क. : मावशींनी दोन्ही पोरं स्वच्छ करून हातात दिली तेव्हा कंडक्टरची शिट्टी वाजत होती. घाईघाईत मी विचारलं, "मावशी, तुमची मुलं कुणाकडे असतात हो?" त्या म्हणाल्या, "थोरली बघती धाकट्याला." "थोरली केवढी?" "नऊ." बस सुटली. कराड मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाप कुठाय, हे मीसुद्धा विचारलं नाही.