पाच तारांचा हक्क

माळ्यावरून जुना मीडिया किंवा लिटल मास्टर व्हिडिओ गेम काढा. मशीन बहुधा ठणठणीत असते. गेलेला असतो रिमोट, नाहीतर ॲडॅप्टर. नवा कुठे मिळत नाही म्हणून अख्खा व्हिडिओ गेम भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. दिल्लीतल्या अशा भंगाराची वाट बऱ्याचदा सीलमपूरला जाते आणि तिथे माणसे हातांनी सर्किटे फोडतात. एका बटणापायी एवढा नाश होतो, तो थांबवता येतो.

रिमोट उघडून पाहा. रबरी बटणांच्या पोटात कार्बनच्या काळ्या टिकल्या असतात. त्या झिजल्या की उजवीकडे पळायचा गडी जागेवरच उभा राहतो. टीव्हीच्या मेलेल्या रिमोटमधल्या अशाच टिकल्या कापून तिथे चिकटवल्या की बटण पुन्हा बोलते.

पूर्ण रिमोटच नसेल, तर घरी बनवा. ही मशीन म्हणजे जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलेल्या फॅमिकॉम या गेम कन्सोलच्या नकला. त्यांच्या रिमोटमध्ये आठ बटणे आणि ४०२१ या चिपचे काम, बाहेर येणाऱ्या तारा फक्त पाच: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. लॅचवर इशारा आला की चिप आठही बटणांची स्थिती धरून ठेवते आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक सांगत जाते. नकलांमध्ये ही चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली असते, म्हणून लोक घाबरतात. सुटी ४०२१ मात्र आजही बनते. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमध्ये सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. झिरो पीसीबी, आठ रेझिस्टर, आठ पुश बटणे घ्या. मशीनचे सॉकेट नऊ पिनांचे असेल, तर जुन्या सिरियल केबलचे टोक कामी येते. कोणत्या पिनला कोणती तार हे प्रत्येक नकलेत सारखेच असेल असे धरू नका, आधी मल्टिमीटर लावून तपासा.

ॲडॅप्टरला मात्र घाई नको. नऊ व्होल्टचा मिळतो म्हणून कुठलाही खुपसायचा नाही. पिनच्या आत प्लस आहे की मायनस, हे मशीनच्या पाठीवरच्या खुणेवरून बघा. उलटा लागला तर जे धडधाकट होते तेही जळेल. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणे सोडा. तोंडातली ओल तांब्याच्या पट्ट्या गंजवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

एक गोष्ट घरी बनवून भागत नाही, ती म्हणजे नेमबाजीच्या खेळांची बंदूक. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्यापुरता पांढरा, आणि बंदुकीतला प्रकाशसेन्सर तो पांढरा ठिपका पकडतो. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेले आहे. एलसीडीला चित्र दाखवायला उशीर होतो आणि नेम वाया जातो. म्हणून बंदूक जपायची असेल, तर डबा टीव्हीही जपा.

हे सगळे जमते, कारण त्या पाच तारांत काहीही लपवलेले नाही. आजच्या कन्सोलचे काही रिमोट मशीनला गुप्त ओळखपत्र दाखवतात. ते नसेल तर मशीन तुमच्या हातच्या रिमोटला दारात उभे करत नाही. त्या कंपनीने उद्या हात झटकले, तर चाळीस वर्षांनी तुमचा नातू त्याचे काय करणार?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आली. पाऊल चांगलेच आहे. पण पोर्टलवर सेवाकेंद्राचा पत्ता कळला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. कंपनी जिवंत नसेल तर तो पत्ता कुणाचा?

म्हणून मागणी साधी आहे. कंपनीने ज्या दिवशी सुटे भाग विकणे थांबवले, त्या दिवसापासून सर्किटचा नकाशा आणि रिमोटशी बोलायची भाषा सर्वांना खुली झाली पाहिजे. ही अट मशीन विकायच्या परवानगीतच लिहा. विकून झाल्यावर कंपन्या ऐकत नाहीत.