ब्राँक्सचा सातबारा

1992 साली रॅपर बाबा सेहगलची 'ठंडा ठंडा पानी' ही कॅसेट निघाली. साकोलीत माझ्या कानापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. मुंबई-कोलकाता हमरस्ता आमच्या गावातून जात असला, तरी त्यावरून ट्रक फार आणि फॅशन कमी यायची.

कॅसेट ऐकली आणि मी शिंप्याकडं ढगळ पँट शिवायला टाकली. त्यानं दोनदा विचारलं, "वाढत्या अंगाची का जी?" मी म्हटलं, "नाही, स्टाईल." त्याला माझी दया आली असावी. त्यानं पँट अंगाबरोबर शिवली आणि उरलेल्या कापडाची पिशवी करून दिली. पँट दोन वर्षांत फाटली. पिशवी आठवडी बाजारात दहा वर्षं चालली.

मग डोक्यावर गिरकी घ्यायचं मनावर घेतलं. जागा, आईनं नुकतंच सारवलेलं अंगण. मान लचकली, सारवण निघालं. सारवणाचं दुःख सगळ्यांना झालं.

माझा एकच हक्काचा श्रोता म्हणजे काकाजी. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात त्यांची ढोलकी. त्यांना मी मोठ्या भक्तीनं कथा सांगितली: 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्राँक्स, 1520 सेजविक अव्हेन्यू. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून तिनं कार्यक्रम ठेवला. तिकीट पोरींना 25 सेंट, पोरांना 50. भाऊ कूल हर्क गाणी लावणार. पुढं त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून फिरवल्या आणि नाचायचा तेवढा तुकडा लांबवत नेला. हिपहॉपचा जन्म तिथला!

काकाजींनी खर्रा गालात सरकवला. "शाहीर पुढचा बंद इसरला का मी बी तेच करतो. माह्याजवर त एकच ढोलकी असते."

मी गप्प. तरी रॅप बॅटलचं सांगायचं राहिलंच होतं. पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत समोरासमोरच्या दोन पार्ट्यांचे शाहीर रात्रभर एकमेकांची उणीदुणी यमकात काढतात, नाच्या आगीत तेल ओततो, आणि तेही उभ्यानं. तिला खडी गंमत उगाच म्हणत नाहीत. अशा माणसाला बॅटल काय समजावणार?

अमरावतीचा रॅपर 100 आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, 2023 मध्ये टीव्हीवरच्या 'हसल'मध्ये गाजला, तेव्हा काकाजींनाही दाखवला. "पोट्टा दमाचा हाय," ते म्हणाले. "पर परीक्षक बसून काहून हायेत?"

त्या रात्री मला साक्षात्कार झाला. इतकी वर्षं मी ब्राँक्सच्या इंग्रजीत तोंड वाकडं करत होतो, आणि घरची झाडीबोली यमकांनी तुडुंब भरलेली! आमच्याकडं 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. प्रमाण मराठीतला काळा बिचारा माळा-गाळ्यात अडकतो. आमचा कारा थेट वाऱ्याशी, चाऱ्याशी, सातबाऱ्याशी जुळतो. डोळ्याचा डोरा झाला की सातबारा कोरा करायला सरकारचीही गरज नाही.

यंदाच्या मंडईत दोन पार्ट्यांच्या मधल्या वेळात माईक मिळाला. धानाच्या भावावर मी सुसाट सुटलो. लोक हसले, एकानं शिटीही मारली. आठव्या ओळीला मी थांबलो. मागं काकाजींची ढोलकी काही थांबेना. तोच तुकडा, पुन्हा तोच, आणि माझ्याकडं बघून धीराची मान डोलावणं. पुढचा बंद मी विसरलो, असं त्यांना वाटत होतं. तो लिहिलाच नव्हता, हे एवढ्या माणसांत कसं सांगू?