ॲव्हरेज विचारू नका

जुनी बजाज स्कूटर घरी आणलेल्या माणसाला गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? दुसरा, केवढ्याला पडली? तिसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही, तो चेहऱ्यावर वाचायचा असतो. माझं म्हणणं असं की यातला पहिला प्रश्नच चुकीच्या खात्यात पडलेला आहे. ॲव्हरेज वाहनाला विचारतात. घरात कॅरम आणला तर तो लिटरला किती जातो याची चौकशी कोणी करत नाही. पंचवीस-तीस वर्षं वापरलेली टू-स्ट्रोक स्कूटर आज विकत घेणं ही वाहनखरेदी नव्हेच, ती खेळाची खरेदी आहे. आणि खेळ म्हणून हिशेब मांडला तर ती आतबट्ट्याची नाही, एवढं मला इथे सिद्ध करायचं आहे. वाहन म्हणून ती आतबट्ट्याची आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे त्या बाजूच्या मंडळींचा वेळ वाचेल.

या खेळाची जात ओळखायची तर अमेरिकेतल्या पिनबॉलच्या यंत्राकडे पाहावं. काचेखाली उतरता फळा, त्यावर दिवे, घंट्या आणि रबराची कडी, आणि वरून घरंगळत येणारा पोलादी गोळा. तो खालच्या भोकात जाऊ नये म्हणून खेळणाऱ्याने दोन्ही बाजूंची बटणं दाबून दोन छोट्या दांड्यांनी त्याला पुन्हा वर पिटाळायचं. खेळ एवढाच. खिळे ठोकलेल्या फळीवर स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी सोडायचा जो खेळ आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हाती असे, तो याचाच गरीब चुलतभाऊ. दट्ट्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली घेतलं. त्या दांड्या, म्हणजे फ्लिपर, १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर पहिल्यांदा बसले. हॉटेलांतून आणि खेळघरांतून बाद झालेली ही यंत्रं तिथली हौशी माणसं विकत घेऊन घरी नेतात. शंभर किलोंच्या वरचं ते धूड तळघरात उतरवायला चार शेजारी लागतात. उतरवल्यावर मालक खेळायला बसत असेल अशी आपली समजूत. तो बसतो ते झाकण उघडून. रबर वाळलेलं असतं, दिवे गेलेले असतात, कॉइल जळलेली असते, काळे पडलेले कॉन्टॅक्ट घासायचे असतात, फळ्याला मेण लावायचं असतं. सगळं सुरळीत झालं की तो चार डाव खेळतो आणि काहीतरी बिघडायची वाट बघू लागतो. हे यंत्र लिटरला किती देतं, असा प्रश्न त्याच्या बायकोला पडत नाही. बाकीचे सगळे पडतात.

आता चेतक घ्या. इटलीच्या पियाज्जिओशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये बजाजने व्हेस्पाच्याच वळणाची स्कूटर चेतक या नावाने आणली. एकच सिलिंडर, दीडशेला थोडे कमी सीसी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं, गिअर डाव्या मुठीत आणि इंजिन उजव्या कुशीत. चालू होत नसली की तिला एका अंगावर कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि किक मारायची, हा विधी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना पाढ्यांपेक्षा पक्का पाठ आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचावं हा त्यामागचा हेतू. ते पोचतं की नाही यावर मतभेद आहेत, पण कलती न करता किक मारणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. पिनबॉलच्या यंत्रातही या कलतेपणाचं शास्त्र आहे, फक्त उलटं. पेटीच्या आत एक लंबक लोंबत असतो आणि त्याभोवती धातूचं कडं. यंत्राला हाताने हलकासा धक्का देऊन गोळ्याची वाट बदललेली चालते. धक्का जास्त झाला की लंबक कड्याला टेकतो, सर्किट जुळतं, फ्लिपर मरतात आणि समोर 'टिल्ट' अशी अक्षरं पेटतात. किती हलवावं आणि कुठे थांबावं, याच्यात सगळं कसब. चेतकमध्ये लंबक नाही, पण कड्याचं काम प्लग करतो. जास्त वेळ कलती धरली, चोक ओढलेलाच राहिला, रागाच्या भरात दहा किका जास्त पडल्या, की प्लग पेट्रोलने भिजतो आणि डाव संपतो. अक्षरं पेटत नाहीत, एवढाच फरक. ती शेजाऱ्यांच्या तोंडावर उमटतात. मग प्लग काढा, पुसा, काजळी पॉलिश पेपरने घासा, ठिणगी पडते का ते बघा, पुन्हा बसवा आणि नवा डाव मांडा.

हे कसब आहे की नशीब, हा वादही जुना आहे आणि तो एकदा रीतसर निकाली निघालेला आहे. पिनबॉल म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार, असं ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ साली त्यावर बंदी घातली; महापौर ला गार्डिया यांनी हातोडा घेऊन यंत्रं फोडली. १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या मंडळींसमोर यंत्र मांडलं, गोळा कुठल्या वाटेने खाली येईल ते आधी सांगितलं आणि तसा तो आणून दाखवला. बंदी उठली. असा एक शार्प छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्येक जुन्या गल्लीत सापडेल. दुसऱ्याच्या दहा किकांना न जुमानलेली स्कूटर तो बाजूला व्हायला सांगून एका किकेत चालू करतो आणि म्हणतो, "हिची एक खुबी आहे." खुबी काय ते सांगत नाही. सांगितली तर स्कूटरची किंमत वाढेल आणि त्याची कमी होईल.

खेळ आहे हे मान्य केलं तरी तो याच शहरात का, असं विचारता येईल. पिनबॉलच्या तिन्ही मोठ्या कंपन्या, गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स, शिकागोच्या. कारखाना जवळ असला की आजूबाजूला यंत्राच्या पोटात हात घातलेली माणसं तयार होतात, आणि कारखाना थंडावला तरी ती माणसं थंडावत नाहीत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. चेतकचं माहेर आकुर्डी, तिची बहीण असलेल्या प्रिया स्कूटरचं सातारा, हे खरं. वाळूजचं नातं पुढे रिक्षा आणि मोटरसायकलींशी जास्त जुळलं. पण वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींनी या शहरात फिटर, टर्नर आणि टूलरूमच्या माणसांची एक अख्खी पिढी घडवली. ती आता निवृत्त होऊन सिडको-हडकोत बसली आहे. आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडलेल्या माणसाला सकाळी देवळात आणि संध्याकाळी बागेत जायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला क्लचच्या प्लेटा द्या. दोन महिने घरात शांतता नांदेल.

आणि ज्या शहराला उपयोग संपलेल्या यंत्रांचं कौतुक नाही, त्याने या विषयात बोलू नये. आपल्याला तशी सवलत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरची पाणचक्की आपण पाहुण्यांना तिकीट काढून दाखवतो. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवायची ती सोय. तिथे दळण टाकायला आज कोणी जात नाही आणि ती तासाला किती किलो दळते असंही कोणी विचारत नाही. खुद्द केंद्र सरकारही माझ्याच बाजूचं आहे. २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्यात आली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि अट अशी की हे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचं नाही. पहिल्या चेतकांनी ती पन्नाशी गाठली आहे. म्हणजे वीस हजार भरून जिच्यावरून रोज कामावर जायला मनाई, तिला वाहन म्हणण्याचा हट्ट आता फक्त शेजारीच धरतात.

एकदा हे पटलं की खरेदीची रीतच बदलते. वाहन घेणारा आधी इंजिनाचा आवाज ऐकतो आणि एक चक्कर मारून बघतो. खेळ घेणाऱ्याने चालू स्थितीतल्या स्कूटरला थोडं बिचकूनच असावं. उघडायला काही उरलेलंच नाही, असं व्हायचं. त्याने गुडघ्यावर बसून पायाखालचा पत्रा बघावा. या स्कूटरला वेगळी चौकट नसते, दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. तेव्हा रबरी पट्ट्यांखाली गंज धरलेला असेल तर तो रंगाचा प्रश्न नसून हाडांचा आहे. इंजिनाचं मात्र काही वाटून घेऊ नये. बोअर करता येतो, पिस्टन आणि रिंगा बदलता येतात, काजळीने चोंदलेला सायलेन्सर जाळून मोकळा करता येतो, गिअरची केबल तर तुटण्यासाठीच असते. दुरुस्त न होणारी गोष्ट एकच, कागदपत्रं. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि त्यावर सही करायला आर.सी. बुकातला मालक. हा मालक हयात असावा, सापडावा आणि सही करण्याच्या मनःस्थितीत असावा, हे तीन योग जुळणं पत्रिका जुळण्याहून अवघड. स्कूटर चौथ्या हातात आलेली असते आणि कागद पहिल्याच हातात राहिलेले असतात. पत्रा सडका आणि कागद चोख असेल तर विचार करावा. उलट असेल तर नमस्कार करून निघावं.

आक्षेप घेणारे आता बाह्या सरसावून बसले असतील. खर्चाचं उत्तर सोपं आहे : हौशीला किती खर्च यावा याचं कोष्टक अजून निघालेलं नाही, आणि घरटी पडून असलेल्या व्यायामाच्या सायकलींची चौकशी आधी व्हावी. जागेचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे पोर्चमधली जागा ही ड्रमांची हक्काची जागा, आणि ड्रमाशी भांडून कोणी जिंकत नाही. स्कूटर जिन्याखाली जाते, वाद मिटतो. धुराचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आणि तो खोडता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर पडायची आणि ताजं मिश्रण आत यायची वेळ जवळजवळ एकच. त्या गर्दीत बरंचसं पेट्रोल न जळताच निसटतं, आणि वर ऑइलचा निळा धूर. जालना रोडवर रोज तासभर असं करणं सभ्यपणाचं नाही. पण हा आक्षेप माझ्या बाजूचाच साक्षीदार आहे. म्हणूनच तर म्हणतो की हिला वाहन समजू नका. रविवारी अर्धा तास, ऑइलचं प्रमाण मोजून, पीयूसी काढून, गल्लीच्या टोकापर्यंत.

"मग नवी इलेक्ट्रिक चेतक घ्या की," असा एक सल्ला मिळतो. २००९च्या डिसेंबरात स्कूटरचा धंदा बंद करायचं जाहीर केलेल्या कंपनीने २०१९ साली तेच नाव बॅटरीवर चालवायला काढलं. गाडी चांगली असेल, माझं भांडण नाही. पण ती बटण दाबलं की चालू होते. खेळायचं कधी? आणि हे सगळं निव्वळ जुन्या आठवणींचं वेड आहे, असंही काहीजण म्हणतात. त्यांनी बुकिंग करून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहिलेल्या एखाद्या माणसाला त्या काळाबद्दल विचारावं. त्याला त्या दिवसांची ओढ असती तर त्याने रांग पुन्हा मागितली असती, स्कूटर नव्हे.

शेवटचा आक्षेप असा की खेळच हवा तर सरळ पिनबॉलचं यंत्र मागवा. मागवता येईल, पण जळलेली कॉइल कुठल्या गॅरेजात मिळणार? क्लचची केबल आजही मिळते, आणि बसवताना तीन अनाहूत सल्लागारही मिळतात, जे अमेरिकेतल्या तळघरात मिळणं कठीण. शिवाय पिनबॉलच्या यंत्रावरून दूध आणता येत नाही. इथे विरोधक मला पकडतात : दूध आणते म्हणजे शेवटी वाहनच की! या मुद्द्यापुढे माझी मांडणी खरोखर डळमळते. पहिल्या किकेला चालू होणारी, रस्त्यात न थांबणारी चेतक समोर उभी राहिली तर माझ्याकडे काही उत्तर नाही. सुदैवाने मालकमंडळींना हा धोका माझ्या आधीच कळलेला आहे. स्कूटर सलग दोन आठवडे विनातक्रार चालली की त्यांना आवाजात काहीतरी फरक जाणवू लागतो, तो घरात इतर कोणालाही ऐकू येत नाही, आणि रविवारी सकाळी जुन्या वर्तमानपत्रावर कार्ब्युरेटर सुटा होऊन पडलेला असतो. त्या दिवशी दूध पायी आणतात.